सिदूच्या दोन दगडांचं शिबिर

परमेश्वर स्मरणिका घेऊन आला, तेव्हा बद्रीनाथ गुरुजी ओसरीवर शेजारच्या दोन पोरींना भागाकार शिकवत होते. एकीचं उत्तर चौथ्यांदा चुकलं होतं आणि ती थुंकी लावून पाटीवरचं पुसायला निघाली होती.

"पुसू नकोस," गुरुजी म्हणाले. "एक आडवी रेघ मार आणि वर बरोबर लिही. चूक दिसली पाहिजे. नाहीतर पाचव्यांदा तीच करशील."

सदतीस वर्षं मास्तरकी केलेल्या या माणसाचा आवाज चढलेला चौसाळ्यात कुणी ऐकला नव्हता. पोरगं दहादा चुकलं, तर अकराव्यांदा त्याच सुरात सांगायचं, ही त्यांची रीत. म्हणूनच त्या सकाळचं पुढचं जे घडलं, ते त्या दोन पोरींनी घरोघर जाऊन सांगितलं.

परमेश्वरचं स्टँडजवळ छपाईचं दुकान होतं. तोही लहानपणी गुरुजींच्या माळावरच्या उन्हाळी शिबिराला यायचा. आता तो अंगददादांचा माणूस होता. अंगद म्हणजे हनुमानरावांचा मुलगा. दोनशे एकर जमीन आणि दोन पिढ्यांचं राजकारण असलेलं घर.

"गुरुजी, पैली प्रत तुमाला," परमेश्वर म्हणाला. "चाळिसावं शिबिर म्हणून दादांनी काढलीय. शेवटच्या पानावर सही पायजे. 'इतिहास वाचून पाहिला, बरोबर आहे', एवढंच."

गुरुजींनी चष्मा पुसला. मुखपृष्ठावर हनुमानराव होते, फेट्यात. आतलं पहिलं वाक्य असं होतं: 'सन १९८४ मध्ये कै. हनुमानराव यांनी माळावर या शिबिराची मुहूर्तमेढ रोवली. त्यांना शिक्षक बद्रीनाथ गुरुजी यांचे मोलाचे सहकार्य लाभले.'

गुरुजी पानं उलटत गेले. चौदाव्या पानावर एक जुना काळापांढरा फोटो होता. खांद्यावर घोंगडी टाकून सिदू उकिडवा बसलाय, बोटानं मातीत काहीतरी दाखवतोय आणि नऊ पोरं त्याच्या अंगावर रेलून बघतायत. खाली ओळ होती: 'शिबिर परिसरातील एक मेंढपाळ.'

ते चार शब्द गुरुजींनी दोनदा वाचले.

"हे कुणी लिहिलं?"

"मीच. पण मनानं न्हाई लिहिलं गुरुजी. तुमच्याच शिबिराच्या वह्यांवरनं केलंय. रोहिणीताईकडून झेरॉक्स आणलत्या. सगळ्या वह्या वाचल्या. सिदूबाचं नाव कुठंच न्हाई."

"कुठंच नाही म्हणजे?"

"म्हणजे कुठंच न्हाई. हनुमानरावांचं हाय. एक्याण्णव सालच्या वहीत."

"परमेश्वर, तू स्वतः त्या सिदूच्या मांडीवर बसून भाकरी खाल्लीस."

"खाल्ली की. पण कागदावर न्हाई ना गुरुजी. मी काय करू?"

गुरुजी उठले. स्मरणिका त्यांनी परमेश्वरच्या छातीवर अशी आदळली की तो एक पाऊल मागं गेला. "चालता हो," ते म्हणाले, आणि ते एवढ्या मोठ्यानं म्हणाले की रस्त्यापलीकडचा किराणावाला बाहेर येऊन उभा राहिला.

खरा इतिहास असा होता.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात तेहेतीस वर्षांचे बद्रीनाथ मास्तर अकरा पोरं घेऊन नेकनूरच्या वाटेवरच्या गायरानात गेले. सुट्टीत पोरं शिकलेलं विसरतात, म्हणून सकाळी तीन तास पाढे, गाणी, गोष्टी. तिसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावरून मान वळवली, तर मागं एकच पोरगं. बाकीची दहा लांब हिवराच्या झाडाखाली, एका मेंढपाळाभोवती. मास्तर तावातावानं गेले. मेंढपाळ पोरांना मातीतले ठसे दाखवत होता: शंभर मेंढरं गेलीत, त्यातलं लंगडं कोणतं, ते ओळखा.

"मीबी शाळेत गेलतो, चार दिवस," तो मास्तरांना म्हणाला. "पुढं मेंढरांनी न्हाई जाऊ दिलं. तुमी मला पाढे शिकवा, मी ह्या पोरान्ला ठसे शिकवतो. नुसतं घेऊन जायचं न्हाई कुणी. द्यायचंबी."

तो सिदू. दुसऱ्या दिवशी त्यानं कुठून तरी गुडघाभर उंचीचे दोन दगड ढकलत आणले आणि माळावर, हिवराजवळ, सहा हातांच्या अंतरानं रोवले. माळ चारी बाजूंनी उघडा. भिंत नाही, कुंपण नाही. पण शिबिरात शिरायचं ते या दोन दगडांमधून, आणि शिरताना सांगायचं, मी काय शिकवणार. फी म्हणाल तर ती एवढीच. आदल्या वर्षीचं सगळ्यात धाकटं पोर दगडाशी उभं राहून विचारायचं, आणि मास्तर शेजारी बसून वहीत लिहायचे: नाव, गाव, काय शिकवलं.

कुणी गोफण शिकवली, कुणी चुलीला पोतेरं देणं. एकदा तहसीलदार आले, त्यांनाही पोरानं अडवलं. त्यांनी गावाचा नकाशा कसा वाचायचा ते शिकवलं. आठव्या वर्षी हनुमानराव ज्वारीची दोन पोती घेऊन आले. त्यांनाही विचारलं. ते मोठ्यानं हसले, डोक्यावरचा फेटा सोडला आणि भर उन्हात पन्नास पोरांना फेटा बांधायला शिकवून गेले. मनानं दिलदार माणूस. पण आला तो आठव्या वर्षी, आणि एकदाच. चाळीस वर्षांत दगडांना वळसा घालून आत कुणीच शिरलं नव्हतं. अडवायला काहीही नव्हतं, तरी नाही. दोन उन्हाळे महामारीत गेले तेवढाच खंड.

सिदू सहा वर्षांपूर्वी वारला. आता त्याची नात रोहिणी शिबिर चालवत होती.

त्याच दुपारी गुरुजी वस्तीवर गेले. रोहिणीनं सगळ्या वह्या घोंगडीवर मांडल्या. तिची आजी, सिदूची बायको भामाबाई, दारात शेळीच्या करडाला दूध पाजत बसली होती. गुरुजी पहिल्या वहीपासून सुरू झाले. अक्षर त्यांचंच, सुंदर, वळणदार. 'अभिमन्यू, चकलांबा. शिकवलं: मेंढराच्या पायातला काटा काढणे.' 'विजयमाला, नेकनूर. शिकवलं: वाऱ्यावरून पावसाची दिशा सांगणे.' 'आदिनाथ, चौसाळा. शिकवलं: न सुटणारी गाठ.' पानं उलटता उलटता त्यांच्या कपाळावर घाम आला.

"काय हुडकता गुरुजी?" भामाबाईनं विचारलं.

"सिदूचं नाव."

"तुमी लिहिलतं का?"

गुरुजींनी चष्मा काढला. "दगडांमधून आत येईल त्याचं नाव लिहायचं, असा नियम होता भामाबाई. सिदू कधी आत आलाच नाही. आपण पोचायच्या आधीपासून तो आतच असायचा, मेंढरं घेऊन."

"आसं." भामाबाईनं करडाचं तोंड पुसलं. "म्हंजी जेवायला आले त्यांची नावं लिहिली, आन् रांधणारीला इसरलात."

"आज्जी," रोहिणी म्हणाली.

"आज्जी काय? वाच बाई तू त्ये. ती गाठ कुणाची म्हन्लीस?"

"आदिनाथ, चौसाळा."

"त्यो आदिनाथ दगडाच्या भाईर बसून रडत हुता. मला काईच येत न्हाई म्हनं. ह्यांनी त्याला हिवरामागं नेलं आन् कोकराच्या दाव्याची गाठ शिकवली. मग गेला आत छाती काढून. काट्याचं त्ये चकलांब्याचं पोरगंबी तसंच. निम्मी पोरं हिवरामागूनच आत गेली. वाच म्होरं."

रोहिणी वाचत गेली, भामाबाई सांगत गेली. ठसे, शीळ, वारा, गाठ, झाडपाला. एकेका पोराच्या नावापुढं सिदूची एकेक विद्या लागलेली होती.

"आन् चौऱ्याण्णवच्या वहीत बघ. अंगद."

रोहिणीनं शोधलं. "'अंगद हनुमानराव, चौसाळा. शिकवलं: तित्तराची साद.'"

"धा वर्साचा हुता. जीपमधून आला, नवे बूट. दगडाशी इचारलं तर तोंड वाकडं करून रडाया लागला. ह्ये त्याला म्हन्ले, रडतो कामून रं, चल. अर्धा तास त्याचे व्हट धरून शिकवलं. तित्तरानं उलटं उत्तर दिलं तवा त्यो पोरगा ह्यांच्या गळ्यात पडलता."

हिवरामागून बाहेर येणारी पोरं गुरुजींनी पाहिली होती. दरवर्षी पाहिली होती. रडत गेलेलं पोर हसत परत येतं, हे वहीवर वाकलेल्या त्यांच्या डोळ्यांना दिसत होतं, आणि तरी त्यांनी पोरानं सांगितलं तेच लिहिलं होतं, कारण रकाना तेवढाच होता. परमेश्वरवरचा राग त्यांच्या अंगात फिरून आता भलत्याच जागी येऊन बसला.

"पाटी करून आणलीय अंगददादांनी," रोहिणी म्हणाली. "संगमरवरी. स्मरणिकेतलंच पहिलं वाक्य कोरलंय. परवा उद्घाटनाला डाव्या दगडावर बसवणार. एकदा बसली की गुरुजी, पुढच्या पोरांना तेच खरं. तुमी आन् आज्जी हायात तवर सांगाल. नंतर कोण सांगंल?"

गुरुजींनी तिच्याच मोबाईलवरून अंगदला फोन लावला.

"बोला गुरुजी," अंगदचा आवाज प्रसन्न होता.

"अंगद, तुला तित्तराची साद कुणी शिकवली?"

पलीकडं हसणं. "काय गुरुजी, कुठली गोष्ट काढता. बरं, सहीचं काय झालं?"

"शिबिर सिदूनं सुरू केलं. तुझे वडील आठव्या वर्षी आले. दुरुस्त कर, मग सही."

"सिदूबा चांगला माणूस होता, मी कुठं न्हाई म्हणतो? पण माळावर मेंढपाळ लई येऊन बसायचे. आता सगळं छापून झालंय, पाटी कोरून झालीय. पुढच्या आवृत्तीत बघू की."

"मी सही करणार नाही."

"बरं," अंगद म्हणाला, तेवढ्याच प्रसन्नपणे. "सहीचं पान काढून टाकायला सांगतो."

फोन बंद झाला. आपली सही म्हणजे काहीतरी आहे, असं गुरुजींना चौऱ्याहत्तराव्या वर्षापर्यंत वाटत आलं होतं.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी साडेसातला माळ तापायला लागला होता. आत मांडव पडला होता, खुर्च्या, माईक, हनुमानरावांच्या फोटोला हार. पोरं दगडांमधून एकेक करून आत जात होती. या वर्षी विचारायचा मान सुकन्याचा होता. आठ वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली, पण आवाज खणखणीत. गुरुजी नेहमीप्रमाणे दगडाशेजारी पोत्यावर बसले होते. आज मात्र त्यांच्याजवळ कोरी वही तर होतीच, शिवाय एकोणचाळीस जुन्या वह्यांचा गठ्ठा होता. डाव्या दगडाला पाठ टेकून भामाबाई बसली होती, पाय पसरून, जणू घरच्या उंबऱ्यात.

तीन गाड्या आल्या. अंगद उतरला, मागं दहा-बारा कार्यकर्ते. मागच्या टेम्पोतून परमेश्वर आणि आणखी एकानं पाटी उतरवली. एकाच्या हातात भोक पाडायचं यंत्र होतं.

"आज्जी, जरा सरका," अंगद वाकून म्हणाला. "पाटी बसवायचीय."

"बसव की. माझ्या पाठीवर बसव."

कार्यकर्ते हसले, मग अंगदचा चेहरा बघून थांबले. त्यानं यंत्रवाल्याला हातानंच थांब म्हटलं आणि दगडांकडं वळला. सुकन्या मधोमध उभी होती.

"काय शिकवणार?"

"ए पोरी, सरक," एक कार्यकर्ता म्हणाला. "दादा हायेत."

"मागं तहसीलदार आलते, त्यांनापण इचारलं व्हतं," सुकन्या म्हणाली. "काय शिकवणार?"

अंगदनं गुरुजींकडं पाहिलं. गुरुजी एरवी मध्ये पडले असते. पाहुण्याला संकोच होऊ नये म्हणून त्यांनी आजवर कितीकांना हळूच सुचवलं होतं, हे सांगा, ते सांगा. आज त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि वाट बघत बसले. भामाबाईनं वर न बघता दोन्ही हात तोंडाशी नेले आणि साद घातली. तित्तराची, लांबलचक, शेवटी वर चढणारी. अंगदची मान झटक्यानं वळली. कार्यकर्त्यांपैकी कुणाचीच वळली नाही.

"येत असंल अजून," भामाबाई म्हणाली. "तेवढंच सांग, कुणाचं ते सांग, आन् जा आत."

अंगदच्या मानेवरची शीर फुगली. बारा माणसं बघत होती, आतली सगळी पोरं बघत होती. त्यानं घड्याळ पाहिलं. मग तो डावीकडं सरकला आणि भामाबाईच्या पसरलेल्या पायांपलीकडून, दगडाला वळसा घालून आत गेला. त्याच्या मागं एकामागोमाग कार्यकर्ते गेले. मोकळ्या माळावर अडवायला काही नव्हतंच. पोरांमध्ये एकदम कुजबुज उठली आणि थांबली.

पुढाऱ्याच्या खोट्यापेक्षा गुरुजींना हे जास्त लागलं, की इतक्या पोरांनी ते पाहिलं: दगडांच्या बाजूनंही जाता येतं.

पाटी मात्र बाहेरच होती. परमेश्वर आणि त्याचा जोडीदार ती धरून सवयीनं दगडांसमोर येऊन थांबले होते. वजन होतं, घाम गळत होता.

"काय शिकवणार?" सुकन्यानं विचारलं.

परमेश्वरनं आत मांडवाकडं पाहिलं, मग गुरुजींकडं. गुरुजींनी नजर काढून घेतली नाही. परमेश्वरनं पाटी हळूच खाली ठेवली, हिवराला टेकवून.

"कागदाच्या घड्या घालून वही शिवायची कशी, ते," तो म्हणाला.

"पाटी?" जोडीदार म्हणाला.

"तिला काय येतं शिकवायला? ऱ्हाऊ दे भाईर."

तो दगडांमधून आत गेला. गुरुजींनी त्याचं नाव लिहिलं. त्याच्यावरचा राग कमी झालेला नव्हता, पण लिहिलं.

आत माईक सुरू झाला. मुहूर्तमेढ, मोलाचे सहकार्य, गौरवशाली परंपरा. गुरुजींनी पहिली जुनी वही मांडीवर घेतली. लाल पेन. जिथं भामाबाई बोट ठेवायची तिथं, 'शिकवलं' या शब्दावर एक आडवी रेघ, आणि वर, त्याच वळणदार अक्षरात: 'सिदूकडून शिकून शिकवलं.' खालचं सगळं स्पष्ट वाचता येत होतं.

भाषण संपवून अंगद परत निघाला. आत जाताना वळसा घातला होता, बाहेर मात्र तो दगडांमधूनच आला, कारण गाडी समोर होती. पाटी हिवराला टेकलेली त्याला दिसली. तो काहीतरी बोलणार, तेवढ्यात गुरुजींनी चौऱ्याण्णवची वही त्याच्यापुढं धरली.

"तुझ्या नावापुढं मी रेघ मारलेली नाही. तू मार. हे घे पेन."

"जुन्या वह्यांत खाडाखोड करताय गुरुजी. लोक काय म्हणतील?"

"खाडाखोड नाही. चूक जागच्या जागी आहे, बघ. माझी आहे."

अंगदनं पेन घेतलं नाही. "गायरान सरकारचं हाय," तो हळू आवाजात म्हणाला. "पुढच्या वर्षी परवानगी लागंल. ध्यानात ठेवा."

"पुढच्या वर्षी इथं कुणीतरी उभं असेल," गुरुजी म्हणाले. आता त्यांचा आवाज वर्गातला होता, अकराव्यांदा सांगतानाचा, पण त्यात माया नव्हती. "आणि तुला तेच विचारेल."

गाड्या गेल्या. धुरळा बसायला वेळ लागला. गुरुजींनी अंगदच्या नावापुढं स्वतःच रेघ मारली, वर लिहिलं, आणि पुढची वही ओढली. जेवायची वेळ झाली तरी चौदाच वह्या झाल्या होत्या. सुकन्या दगडावर बसून वाकून बघत होती.

"गुरुजी, येवढ्या सगळ्या चुका तुमच्याच?"

"माझ्याच."

"मंग भराभरा करा की."

ती खाली उतरली आणि वाऱ्यानं पान उलटू नये म्हणून वहीचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून धरला.